व्हेंटमधून इंधन नेमकं कधी उडतं, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात मीटरची बोट, डेकखाली 200 लिटरची ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी, मागे आऊटबोर्ड इंजिन. इंधन भरायला सुरुवात केली की व्हेंटमधून, म्हणजे टाकीतली हवा ये-जा करायच्या भोकातून, एक पिचकारी उडते. टाकी भरत आली की नॉझलचा खटका पडतो न पडतो तोच पुन्हा पेलाभर पेट्रोल बाहेर येतं. आणि एकदा सकाळी टाकी गच्च भरून बोट धक्क्याला बांधून ठेवली, तर दुपारी तिच्या कडेने पाण्यावर तवंग पसरलेला. व्हेंटवर चिकटवायची बाटली घ्यावी की पाइपात बसवायची झडप, असं विचारलं आहे.

आत्ताच काही विकत घेऊ नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकाच भोकातून बाहेर पडत असली तरी दुखणी तीन आहेत. बाटली तिन्हींवर पांघरूण घालेल, बरं एकालाही करणार नाही. मी गेली अनेक वर्षं बोटींच्या टाक्या आणि इंधनाच्या लाइनी बसवतो, उघडतो, बदलतो. व्हेंटची तक्रार घेऊन कोणी आलं की मी पहिल्यांदा एकच विचारतो: नेमकं कधी उडतं? सुरुवातीला, मधेच, शेवटी, भरून झाल्यावर काही तासांनी, की बोट चालत असताना? निम्मं निदान त्या उत्तरातच असतं. तुम्ही वेळा नीट टिपून लिहिल्या आहेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

टाकीत एक लिटर इंधन गेलं की एक लिटर हवा बाहेर पडायला हवी, आणि इंजिनाने एक लिटर जाळलं की तेवढीच हवा आत यायला हवी. टाकीचा हा श्वास व्हेंटमधून चालतो. टाकीच्या माथ्यावरून एक बारीक पाइप निघतो, वर चढतो आणि बोटीच्या बाजूला किंवा पाठीमागे एका छोट्या तोंडाशी उघडतो. या पाइपाचा आतला व्यास बहुतेक बोटींत 14 ते 16 मिलिमीटर असतो. भरणीचा पाइप मात्र साधारण 38 मिलिमीटरचा. आत येणारा हमरस्ता आणि बाहेर जाणारा बोळ, अशी ही रचना आहे. बोळात जरा कुठे काही अडकलं की हमरस्त्यावर गर्दी होते, म्हणून व्हेंटच्या पाइपाकडे जितकं लक्ष द्याल तितकं थोडं.

शेवटचं उडणं आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त इंधन पाण्यात जातं ते याच वेळी.

पंपाच्या नॉझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. इंधन वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टोक इंधनात बुडालं की भोक बंद होतं, आतली ओढ वाढते, एक पडदा हलतो आणि खटका पडतो. मोटारीत हे छान चालतं, कारण तिथे भरणीचा पाइप आखूड असतो आणि टाकी भरल्याची खूण लगेच नॉझलपर्यंत पोचते. बोटीत भरणीचं तोंड डेकवर असतं आणि व्हेंटचं तोंड त्याच्याखाली वीतभर, बोटीच्या अंगाला. टाकी भरली की इंधन दोन्ही पाइपांत सोबतच चढायला लागतं. चढता चढता जे तोंड आधी लागेल तिथून ते बाहेर पडणार, आणि ते तोंड व्हेंटचं असतं. नॉझलला खबर लागेपर्यंत व्हेंट वाहू लागलेला असतो.

त्यात आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. खटका पडला त्या क्षणी भरणीच्या पाइपात इंधनाचा स्तंभ उभा असतो. त्या स्तंभाचा जेवढा भाग व्हेंटच्या तोंडापेक्षा वर आहे, तेवढं इंधन तुम्ही नॉझल काढलं तरी खाली बसत जातं आणि व्हेंटमधून बाहेर येतं. 38 मिलिमीटरच्या उभ्या पाइपात 20 सेंटिमीटरचा स्तंभ म्हणजे जवळपास 225 मिलिलिटर. तुमचा ‘पेलाभर’ बरोबर तिथून येतो आहे. तुमचं नॉझल बिघडलेलं नाही आणि पंपवाल्याचंही काही चुकलेलं नाही. बोटीची ठेवणच अशी आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: टाकी भरली की नाही हे खटक्यावर सोडायचं नाही, लिटरांवर ठरवायचं. तुमची टाकी 200 लिटरची आहे, तर तिची मर्यादा 180 लिटर समजा. धक्क्याला लागण्याआधी टाकीत किती उरलं आहे याचा अंदाज घ्या, किती घालायचं तो आकडा ठरवा, आणि पंपाच्या मीटरवर तो आकडा आला की थांबा. 60 उरलं असेल तर 120 भरायचं. नॉझलचा खटका ही मग फक्त शेवटची राखण राहते, भरणीचा निर्णय तिच्यावर राहत नाही.

इथे लगेच अडचण येते ती काट्याची. बोटीच्या इंधनकाट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. टाकी बोटीच्या तळाच्या आकाराने खाली निमुळती असते आणि काटा फक्त उंची मोजतो. त्यामुळे काटा ‘अर्धी’ दाखवतो तेव्हा आत अर्ध्याहून बरंच कमी इंधन असतं. वरच्या टोकाला तर बऱ्याच तरफेच्या काट्यांची तरफ आधीच अडते आणि शेवटचे पंधरा-वीस लिटर काट्याला दिसतच नाहीत. यावर इलाज एकदाच करायचा आणि मग कायमचा उपयोगी पडतो. टाकी जवळपास रिकामी झाली की 20-20 लिटर मोजून घाला, दर वेळी थांबा, बोट सरळ उभी आहे ना ते पाहा आणि काटा कुठे आला ते लिहा. नऊ-दहा नोंदींत तुमच्या टाकीचा स्वतःचा तक्ता तयार होतो. हे मी स्वतः लावलेल्या प्रत्येक टाकीला करतो. इंजिनाला इंधन मोजणारं मीटर असेल तर आणखीच बरं, मागच्या भरणीनंतर किती जळलं ते थेट कळतं.

आता सुरुवातीची पिचकारी. हे दुखणं मला फार ओळखीचं आहे. टाकी रिकामी असताना, नुकतंच भरायला घेतलं असताना व्हेंटमधून द्रवरूप इंधन येतंच कसं? टाकीतून तर येणं शक्य नाही. म्हणजे ते आधीपासून पाइपातच बसलेलं होतं. व्हेंटच्या पाइपाला कुठेतरी झोळ पडलेला आहे. मागच्या वेळी जास्त भरलं तेव्हाचं, किंवा लाटांवर हिंदकळून वर आलेलं इंधन त्या झोळात साचून राहतं. नवं इंधन आत पडू लागलं की टाकीतली हवा दाबली जाते आणि झोळातलं सगळं इंधन एका दमात बाहेर फेकते. हिशेब पाहा: 14 मिलिमीटरच्या पाइपात 60 सेंटिमीटर लांबीचं इंधन साचलं तर ते 90 मिलिलिटर होतं. पिचकारीला तेवढं पुरेसं आहे.

हे शोधायला बोटीच्या पोटात शिरावं लागतं. आधी बॅटरीचा मुख्य खटका बंद करा, झाकणं उघडून चांगली हवा खेळू द्या, जवळपास कुठेही ठिणगी नको. मग टॉर्च घेऊन टाकीच्या माथ्यापासून व्हेंटच्या तोंडापर्यंत पाइपावर हात फिरवत जा. टॉर्च ठिणगी न उडवणारा, सीलबंद असावा. डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतो. पाइप कुठे वायरींच्या जुडग्यावर लटकतो, कुठे एखाद्या आडव्या पट्टीवरून खाली उतरून पुन्हा वर चढतो, कुठे क्लॅम्पच निघून गेलेला असतो. मागे एका बोटीत मला हा झोळ बॅटरीच्या पेटीमागे सापडला होता. कोणीतरी नवीन पंप बसवताना जागा करायला व्हेंटचा पाइप खाली ढकलला होता आणि परत वर बांधायचं राहिलं होतं. पाइपाखाली डबा धरून वरचं टोक सोडवलं तर पेला भरून गडद, शिळं पेट्रोल आलं. वास वार्निशसारखा. किती महिने ते तिथे पडून होतं कोण जाणे, आणि तेवढे महिने ती टाकी नीट श्वास घेत नव्हती.

इलाज साधा आहे. टाकीपासून निघालेला पाइप सतत चढता हवा, मधे एकही उतार नको. दर 30-40 सेंटिमीटरवर रबराचं अस्तर असलेला क्लॅम्प लावून तो आवळून घ्या. जिथवर जागा मिळेल तिथवर, अगदी डेकच्या खालच्या अंगाला टेकेपर्यंत, त्याला वर न्या आणि तिथून कमान करून व्हेंटच्या तोंडाकडे उतरवा. या कमानीचे दोन फायदे. हिंदकळलेलं इंधन कमान ओलांडून बाहेर पडत नाही, आपल्या वजनाने टाकीत परत येतं. आणि बाहेरून लाटेचं पाणी तोंडात शिरलं तरी ते कमान चढून टाकीत उतरत नाही. तुमच्या तक्रारींपैकी निदान एक तरी या एका अर्ध्या दिवसाच्या कामाने कायमची जाईल.

पाइप हाताळलाच आहे तर त्याचं वयही बघा. दहा वर्षांच्या पुढचा पाइप मी सहसा परत बसवत नाही. बोटांनी दाबल्यावर कडक लागला, वळणावर बारीक भेगा दिसल्या, किंवा पुसलेल्या फडक्याला पेट्रोलचा वास आला तर बदलायचा. नवा घेताना बोटीच्या इंधनासाठीचा, अंगावर तशी छापील खूण असलेलाच घ्या. ए1 खुणेचा पाइप व्हेंटला आणि इंधनाच्या लाइनीला, दोन्हीकडे चालतो. ए म्हणजे अडीच मिनिटं आगीला टिकण्याची कसोटी पार केलेला, 1 म्हणजे त्यातून 2 खुणेच्या पाइपापेक्षा कमी वाफ झिरपते. पाण्याचा पारदर्शक पाइप ‘आतलं दिसतं’ म्हणून व्हेंटला लावलेला मी पाहिला आहे. पेट्रोलने तो कडक होतो, फाटतो, आणि मग वाफ थेट बोटीच्या पोटात उतरते. कृपा करून तो प्रयोग करू नका.

तिसरी तक्रार, दुपारच्या तवंगाची. इथे दोष बोटीचा नाही, उष्णतेचा आहे. पेट्रोल दर एका अंश सेल्सियसला साधारण 0.095 टक्क्यांनी फुगतं. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं थंड पेट्रोल तुम्ही सकाळी गच्च भरलं, दुपारपर्यंत डेक तापला आणि टाकीतलं पेट्रोल 15 अंशांनी गरम झालं, तर 200 लिटरमागे जवळपास 2.8 लिटर वाढतात. ॲल्युमिनियमची टाकीही तापून मोठी होते, पण तिची वाढ जेमतेम 0.2 लिटर. उरलेल्या अडीच लिटरहून जास्त पेट्रोलाला जायला एकच वाट असते. डिझेल थोडं कमी फुगतं, पण सुटका त्यातही नाही. टाकीला वर 10 टक्के मोकळी जागा ठेवा असं मी म्हणतो त्यामागे हा हिशेब आहे, शिवाय बोट एका अंगाला कलली किंवा नाकाकडून उचलली गेली तर इंधन व्हेंटच्या तोटीपर्यंत पोचू नये, हेही आहे. फार थंड इंधन आणि फार कडक ऊन असेल, किंवा भरून बोट लगेच न वापरता उभीच राहणार असेल, तर मी त्याहूनही कमी भरायला सांगतो. निघण्याच्या दिवशी सकाळी भरलेलं केव्हाही चांगलं.

तुमच्या बोटीत दिसत नाहीत, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या बोटीत असतील अशा काही वेळा राहिल्या.

भरताना मधेच उडत असेल आणि खटका पुन्हा पुन्हा पडत असेल, तर व्हेंट तुंबलेला असण्याचा संभव जास्त. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी असते. तिच्यात मीठ धरतं, बोट रंगवताना रंग जातो, पॉलिश जातं. कुंभारमाशीला तर ते भोक घर बांधायला बेतानं केल्यासारखं वाटतं, महिनाभर उभी राहिलेली बोट असेल तर मी पहिल्यांदा मातीचं घरटंच शोधतो. तुंबलेल्या व्हेंटची दुसरी खूण चालत्या बोटीत दिसते: तासाभराने इंजिन दमायला लागतं, भरणीचं झाकण उघडलं की ‘सुस्स’ करून हवा आत जाते आणि इंजिन पुन्हा सुरळीत चालतं. जाळी साफ करा, पण पेट्रोलच्या बोटीत ती काढून टाकू नका. बाहेरची ज्वाला आत जाऊ नये म्हणून ती तिथे असते. पाइपात हवा मारून साफ करायचं असेल तर तो आधी टाकीच्या टोकाला सोडवा. पाइप जोडलेला असताना हवा मारली तर टाकीवर दाब येतो आणि सपाट बाजूची टाकी अगदी थोड्या दाबाने फुगते, सांधे उकलतात.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळा त्रास म्हणजे फेस. डिझेल जोरात पडलं की फसफसतं, फेस इंधनाच्या आधी व्हेंटमध्ये चढतो आणि टाकीत तीस-चाळीस लिटरची जागा असतानाही बाहेर येतो. इथे हळू भरणं एवढंच औषध आहे. नॉझलचा घोडा अर्ध्यावर धरा आणि शेवटचा भाग थांबत थांबत घाला.

चालत्या बोटीत व्हेंट वाहत असेल तर त्याचा पाठपुरावा नीट करा, कारण यात पुष्कळ इंधन कोणाच्या लक्षात न येता जातं. एक प्रसंग सांगतो. दोन टाक्यांची डिझेल बोट होती. मालक वैतागून सांगत होता की डावीकडच्या व्हेंटमधून चालताना डिझेल येतं, आणि त्याने आधीच दोनदा व्हेंटचं तोंड बदललं होतं. मी त्याच्याबरोबर बाहेर गेलो. वीस मिनिटांनी बोटीच्या डाव्या अंगाला खरोखरच चकचकीत ओघळ दिसू लागला. इंजिनाजवळ बसून झडपा पाहिल्या. इंजिन उजव्या टाकीतून डिझेल ओढत होतं, पण वापरून उरलेलं डिझेल परत जात होतं डाव्या टाकीत, आणि डावी आधीच काठोकाठ भरलेली. डिझेल इंजिन जाळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल फिरवून परत पाठवतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणजे तो दर तासाला उजवीकडचं डिझेल उपसून डावीकडच्या व्हेंटमधून समुद्रात ओतत होता. परतीच्या लाइनीची झडप फिरवली आणि ओघळ तिथल्या तिथे थांबला. तेव्हापासून मी दोन टाक्यांच्या प्रत्येक बोटीत ओढीच्या आणि परतीच्या झडपांच्या मुठींना एकाच रंगाची पट्टी मारतो, म्हणजे दोन्ही मुठी एकाच टाकीकडे आहेत का ते एका नजरेत दिसतं. दोन टाक्या खालून पाइपाने जोडलेल्या असतील तर भरतानाही जपा. एक भरत असता दुसरी हळूहळू भरत राहते आणि नॉझल काढल्यावर पाच मिनिटांनी पलीकडच्या अंगाचा व्हेंट वाहतो, तिथे बघायला कोणीच नसतं.

आणि ने-आण करायच्या छोट्या टाक्या. त्या नेहमी बोटीबाहेर काढून, जमिनीवर टेकवून भरा, डेकवर ठेवून नव्हे. सांडलं तर पाण्यात जात नाही आणि स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोकाही कमी होतो. झाकणावरचा हवेचा स्क्रू इंजिन चालताना उघडा हवा, ने-आण करताना बंद. मात्र स्क्रू बंद असलेली टाकी उन्हात तापली तर आतल्या दाबाने पेट्रोल रबरी पाइपातून इंजिनाकडे ढकललं जातं आणि तिथून गळतं, म्हणून बोट उभी असताना पाइप टाकीपासून सोडवून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, बाटली की झडप.

बाटली ही रबरी चकत्यांनी बोटीच्या अंगाला चिकटते आणि भरताना व्हेंटमधून येईल ते झेलते. ती वाईट नाही. नवख्या माणसाने जवळ ठेवावीच, विशेषतः टाकीचा तक्ता तयार होईपर्यंत. पण ती चिकटवायची जागा कोरडी, स्वच्छ, मिठाशिवाय हवी, नाहीतर भरलेली बाटलीच पाण्यात पडते. भरून झालं की तिच्यातलं पेट्रोल लगेच काढा, आणि बाटली व्हेंटवरच विसरून बोट हलवू नका. काही जण बाटली नसली की व्हेंटच्या तोंडात चिंधी कोंबतात. हे कधीही करू नका. हवेला वाट उरली नाही की इंधन भरणीच्या तोंडातून उलटून थेट भरणाऱ्याच्या अंगावर येतं. चिंधी किंवा पॅड व्हेंटच्या खाली धरायचं, आत नाही.

पाइपात बसवायच्या उपकरणांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात छोटा कोठा असतो. हवेबरोबर आलेलं इंधन त्यात वेगळं होऊन टाकीकडे परत उतरतं आणि हवा पुढे जाते. हिंदकळणं, किंचित फेस, लाटा यांवर हे फार चांगलं काम करतं, आणि तुमच्यासारख्या बोटीत पाइप सरळ केल्यानंतर मी ते जरूर बसवेन. ते उभंच हवं, टाकीपेक्षा वर हवं, आणि अंगावरचा बाण बरोबर दिशेला. दुसऱ्यात तरंगता गोळा असतो. इंधन वर चढलं की गोळा तोंड बंद करतो. व्हेंटमधून थेंब येत नाही हे खरं, पण तेव्हा हवेची वाट बंद होते आणि इंधन भरणीच्या पाइपात भराभर चढतं. नॉझलचा खटका वेळेवर पडला तर उत्तम, नाही पडला तर तेच इंधन आता डेकवर येतं. त्यामुळे हे लावलं तरी लिटर मोजणं सुटत नाही. तुमच्या टाकीच्या व्हेंटवर वाफ शोषणारा कोळशाचा डबा असेल तर तो कुठे आहे हे पाहून ठेवा. त्यात द्रव पेट्रोल शिरलं की कोळसा कामातून जातो आणि व्हेंटही अडतो, त्यामुळे गच्च भरण्याची सवय तिथे दुप्पट महाग पडते.

मला स्वतःला आवडणारं साधन म्हणजे शिट्टीचं व्हेंट. हवा बाहेर पडते तोवर ते वाजत राहतं, इंधन जवळ आलं की आवाज बदलतो आणि थांबतो. शिट्टी नसली तरी कान हे काम करतात. भरताना इंजिन, रेडिओ, गप्पा सगळं बंद ठेवा. व्हेंटसमोर हाताची पाठ धरली तर हवेची सरळ झुळूक लागते. टाकी भरत आली की झुळूक हबकत येते, आतून गुळूक-गुळूक ऐकू येतं, भरणीच्या पाइपातला आवाज पोकळ असतो तो बारीक होत जातो. ही खूण मिळाली की हात सैल करायचा. रस्त्यावरच्या पंपासारखा पंप मिनिटाला 40 लिटरच्या आसपास देतो, म्हणजे सेकंदाला 0.67 लिटर. तीन सेकंद उशीर म्हणजे दोन लिटर पाण्यात.

भरताना दोन माणसं असावीत, एक नॉझलवर आणि एक व्हेंटपाशी पांढरं शोषक पॅड घेऊन. हे पॅड तेल शोषतं, पाणी नाही, म्हणून ओल्या जागीही उपयोगी पडतं. नॉझल स्वतः हातात धरा, घोडा अडकवून सोडू नका. नॉझलचं धातूचं टोक भरणीच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. बाकी सगळे बोटीवरून उतरलेले हवेत आणि खिडक्या-झाकणं बंद, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते आणि बोटीच्या पोटात साचते. इंजिन आतल्या बाजूला असलेल्या बोटीत भरणीनंतर झाकणं उघडून किमान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे पोटातली वाफ बाहेर ओढणारा पंखा, चालवायचा आणि तरीही नाकाने वास घेऊन मगच चावी फिरवायची. बोट सरळ उभी आहे ना तेही पाहा. तुमच्या मंडळींचं सामान सगळं एका बाजूला ठेवलेलं असलं आणि व्हेंट त्याच बाजूला असला, तर तेवढ्या कलानेही हिशेब चुकतो.

एवढं करूनही सांडलंच तर पंप आधी थांबवा, मग पॅड टाका. साबणाचं पाणी ओतू नका, हे कळकळीने सांगतो. साबणाने तवंग दिसेनासा होतो कारण तेल बारीक थेंबांत फुटून पाण्यात खाली मिसळतं. ते गेलेलं नसतं, उलट मासे आणि त्यांची अंडी जिथे आहेत तिथे पोचवलेलं असतं, आणि मग पॅडने उचलताही येत नाही. काही देशांत तवंगावर साबण टाकणं हा वेगळा गुन्हा आहे. थोडंसंच तर सांडलं असं वाटतं तेव्हा हे आठवा: इंद्रधनुषी रंग दिसणारा तवंग 0.3 मायक्रॉन इतका पातळ असू शकतो. त्या जाडीला फक्त 100 मिलिलिटर डिझेल 330 चौरस मीटर पाणी झाकतं. पेट्रोल लवकर उडून जातं, पण तोवर त्या पाण्यावर पेट घेणारी वाफ तरंगत असते, म्हणून पेट्रोलचा तवंग जवळ असताना कोणाचंही इंजिन सुरू करू देऊ नका, आणि धक्क्यावरच्या माणसाला लगेच सांगा. वापरलेली पॅड पिशवीत घट्ट बांधून डेकखाली ठेवायची नाहीत, मोकळ्या हवेत ठेवून तेलकट कचऱ्यात द्यायची.

तुमच्या बोटीत आधी पाइपाचा झोळ काढा, व्हेंटची जाळी पाहा, मग मोजून भरत तक्ता बनवा. पाइप सरळ झाल्यावरच्या पहिल्या भरणीला 20 लिटर घालून थांबा आणि व्हेंटच्या तोंडाखाली पॅड कोरडं आहे का ते बघा. कोरडं असेल तर पिचकारीचं दुखणं गेलं. ओलं असेल तर अजून एक झोळ राहिला आहे, बहुतेक टाकीच्या अगदी जवळच्या वळणात, कारण तिथे हात पोचत नाही म्हणून सगळे तो भाग सोडून देतात. त्यानंतर 180 लिटरवर थांबून एक पूर्ण दुपार बोट उन्हात उभी ठेवा आणि संध्याकाळी व्हेंटखालचा रंग बोटाने पुसून पाहा. ‘180 लिटर’ हा आकडा भरणीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून टाका, म्हणजे बोट दुसऱ्या कोणी भरली तरी तो आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असेल.